वाचनालयाचे पंचांग

कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर वसलेल्या जालना शहराचा लौकिक इतिहासात प्रथम व्यापाराचा आणि मागाहून छावणीचा म्हणून झाला. अकबराच्या कारकीर्दीत हा परगणा त्याच्या एका सरदाराकडे जहागीर म्हणून होता आणि अबुल फजलाचे काही काळ येथे वास्तव्य होते, असे जुन्या गॅझेटियरात नमूद आहे. पहिल्या निजामाला औरंगाबादेपेक्षा येथील हवा अधिक मानवत असे, म्हणून त्याच्याच हुकुमावरून १७२५ साली काबीलखानाने शहराच्या पूर्वेस किल्ला बांधला. आणि १८२७ साली उभारलेली फौजेची छावणी पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नांदती राहिली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या सुबत्तेतूनच निघाली आणि ती आजही गावकऱ्यांच्या तोंडी आहे. परंतु ज्या गावात दुकानाची खातेवही मोडीत, पेढीवरची वही महाजनीत, सरकारी मिसल प्रथम फारसीत आणि मागाहून उर्दूत, आणि देवघरातली पोथी तेवढी बाळबोधीत असे, त्या गावात चार माणसांनी एकत्र बसून वाचावे अशी जागा कोणती होती, ती वर्षाच्या कोणत्या काळात गजबजत होती आणि तेथे कोणाला प्रवेश होता, हा प्रश्न व्यापाराच्या आणि लढायांच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा असून त्याच्याकडे आपल्याकडील इतिहासलेखकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

इंग्रजी अमलाखालील महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयाचा उदय बराच आधी झाला. रत्नागिरीस १८२८ साली, अहमदनगरास १८३८ साली, नाशकास १८४० साली आणि पुण्यास १८४८ साली ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या किंवा तत्सम नावाने ज्या संस्था निघाल्या, त्यांच्या पाठीशी कंपनी सरकारचे अधिकारी, नव्याने इंग्रजी शिकलेले कारकून व शिक्षक आणि गावातील सरदार-सावकार उभे होते. गोदावरीपलीकडच्या मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, यांपैकी एकही आधार नव्हता. निजामाच्या राजधानीत सय्यद हुसेन बिलग्रामी यांच्या पुढाकाराने १८९१ साली आसफिया ग्रंथालय निघाले खरे, पण त्याचा भर अरबी, फारसी आणि उर्दू ग्रंथांवर होता. संस्थानातील देशी भाषांच्या वाचनालयांना विसाव्या शतकाची वाट पाहावी लागली: हैदराबादेत तेलुगू भाषकांनी १ सप्टेंबर १९०१ रोजी श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम स्थापन केले, जालन्याहून रेल्वेने पूर्वेकडे गेल्यास लागणाऱ्या परभणीस त्याच साली श्री गणेश वाचनालय उघडले, हैदराबादेतील मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ साली निघाले. औरंगाबादेच्या वाचनालयास टिळकांच्या नावावरून ‘बलवंत’ हे नाव मिळाले. परभणीच्या वाचनालयाने आपल्या नावात गणेश घ्यावा आणि औरंगाबादेच्या वाचनालयाने टिळक घ्यावेत, या दोन गोष्टी सहज घडल्या असे मला वाटत नाही. उत्सव आणि राजकारण या दोन खांबांवरच मराठवाड्यातील वाचनालयाचा मांडव उभा राहिला, हे त्या नावांतच उघड आहे.

मात्र वाचनालय नव्हते म्हणजे सार्वजनिक वाचन नव्हते, असे समजणे चुकीचे होईल. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आहे; १६०८ साली रामनवमीस त्यांचा जन्म झाला, आणि त्या तिथीस व दासनवमीस तेथे ‘दासबोधा’चे पठण हा आजही उत्सवाचा प्राण आहे. जुन्या जालन्यातील आनंदीस्वामींच्या मठाची यात्रा आषाढी एकादशीस भरते आणि तेथून चातुर्मासाच्या श्रवणाला प्रारंभ होतो. आषाढ-श्रावणात गावोगाव जी पोथी लागत असे, तिच्याकडे धर्माचार म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. परंतु तिची व्यवस्था जरा निरखून पाहिली, तर सार्वजनिक वाचनालयाचे बहुतेक सर्व अवयव तेथे आढळतात. जागा ठरलेली असे: मारुतीचे देऊळ, नाही तर पाटलाच्या वाड्याची ढाळज. वेळ ठरलेली असे: निंदणी-खुरपणी आटोपून माणसे घरी परतली, जेवणे झाली, की त्यानंतरची. तेलासाठी आणि समाप्तीच्या भंडाऱ्यासाठी वर्गणी असे. वाचणारा एक, अर्थ सांगणारा दुसरा, आणि ऐकणारे साठ-सत्तर. त्यांत अक्षरओळख असणारे चार निघाले तरी पुष्कळ. चौरंगावर तांबड्या बासनातली पोथी सोडली जाई, समईची वात पुढे सारली जाई, कालचे पान जेथे थांबले तेथे ठेवलेली खूण काढून कपाळाला लावली जाई, आणि झड लागलेली असली तर पत्र्याच्या किंवा माळवदाच्या आवाजावर आवाज चढवून वाचणारा ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’, ‘भक्तविजय’ किंवा ‘नवनाथ भक्तिसार’ यांपैकी जो ग्रंथ लावला असेल त्याचा अध्याय सुरू करी. बायका आडोशाला बसून ऐकत. दुसऱ्या दिवशी जात्यावर बसून त्याच कथेची उजळणी करीत. १८३१ नंतर मुंबईस गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून शिळाछापाच्या पोथ्या निघू लागल्या आणि हस्तलिखिताच्या मानाने स्वस्त झालेले ते सुट्या पानांचे ग्रंथ वारकरी, बैरागी आणि फेरीवाले यांच्या खांद्यावरून मोगलाईतही पोचले. तेव्हा एका घरची पोथी दुसऱ्या घरी, एका गावची दुसऱ्या गावी नेण्याचा प्रघात पडला, आणि ‘पोथी परत द्यावी, न दिल्यास दोष लागेल’ अशा आशयाचा मजकूर शेवटच्या पानावर लिहिण्याची जुनी चाल नव्या छापील पोथ्यांवरही चालू राहिली. पुढे वाचनालयांच्या देवघेव विभागात दंडाचे जे नियम झाले, त्यांच्या मुळाशी हीच काळजी होती.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग सुरू झाला, जालना त्यावरचे मोठे स्थानक ठरले, आणि वाचनाचे वेळापत्रक एकदम बदलले. कापसाच्या गाठी मुंबईस जाऊ लागल्या आणि उलट दिशेने पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे येऊ लागली. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंत कापसाचा हंगाम. त्या काळात जिनिंगच्या आवारात, अडत्याच्या ओट्यावर आणि धर्मशाळेत बाहेरगावच्या माणसांची वर्दळ असे, भाव कळण्यासाठी वर्तमानपत्राची गरज असे, आणि भावाच्या निमित्ताने हाती आलेल्या अंकातला अग्रलेखही मग मोठ्याने वाचला जाई. श्रावणातील पोथी आणि हिवाळ्यातील वर्तमानपत्र ही वाचनाची दोन स्वतंत्र पिके आहेत असे म्हटले तर वावगे होणार नाही: पहिले पीक शेतकऱ्याचे, दुसरे पेठेचे, आणि तालुक्याच्या गावी जे वाचनालय पुढे निघाले त्याने ही दोन्ही पिके एकाच खळ्यावर आणण्याचा प्रयत्न केला.

या प्रयत्नाच्या आड सरकार आले. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. अदालत, कोतवाली, तहसील आणि तालीमातीचे खाते यांचा सर्व व्यवहार त्याच भाषेत चाले. उर्दूविषयी येथील मराठी माणसाच्या मनात दुजाभाव नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. जुन्या पिढीतील अनेक वकील आणि शिक्षक गालिब-इक्बालांचे शेर मुखोद्गत म्हणत, आणि जालन्याच्या मुशायऱ्यांना हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. तक्रार होती ती स्वभाषेच्या संस्थांवर बसवलेल्या बंधनांविषयी. खासगी शाळांना पूर्वपरवानगी आवश्यक करणारा हुकूम १९२०-३० च्या दशकाच्या मध्यास निघाला आणि वर्ष-दोन वर्षांत अशा शाळांची संख्या झपाट्याने घटली. १९२९ च्या सुमारास सभाबंदीची जी गश्ती, म्हणजे परिपत्रक, निघाली, ती ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने मराठवाड्याच्या स्मरणात कायमची राहिली. या गश्तीप्रमाणे जाहीर सभा भरवावयाची तर आधी अर्जदास्त करावी, विषय कळवावा, वक्ता कोण हे सांगावे, राजकारणाचा उच्चार होणार नाही अशी हमी द्यावी, आणि इजाजत येईपर्यंत थांबावे, अशी रीत पडली. अर्ज अमीनाकडून तहसीलदाराकडे, तेथून अव्वल तालुकदाराकडे, असा वर चढे. आणि तो खाली उतरेपर्यंत व्याख्यानाची तारीख टळून गेलेली असे.

अशा परिस्थितीत वाचनालयाच्या चालकांनी जो मार्ग काढला तो मला त्या काळातील लोकशक्तीचा मोठा पुरावा वाटतो. सभेला परवानगी लागे, परंतु धार्मिक उत्सव परंपरेने चालत आलेला असे. म्हणून व्याख्यान गणेशोत्सवात ठेवावे, ते शक्य नसेल तर कीर्तनाच्या पूर्वरंगात इतिहास सांगावा, उत्तररंगात शिवचरित्र लावावे. शारदोत्सवात निबंधवाचन करावे. रामनवमीस आणि दासनवमीस समर्थांच्या निमित्ताने संघटनेचा विषय काढावा. तुळशीच्या लग्नानंतर मुलांचे मेळे आणि संवाद बसवावेत. आणि या सर्वांच्या आडोशाला एका खोलीत चार लाकडी कपाटे, एक सतरंजी आणि कंदील एवढ्या सामग्रीवर वाचनालय चालवावे. हैदराबादेत गणेशोत्सवाने १८९५ सालापासून मूळ धरले होते. तेथून तो जिल्ह्यांच्या गावी उतरला, आणि त्याच्याबरोबर वाचनालयाची कल्पनाही. पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने १८७५ साली झाला आणि ती एप्रिल-मे महिन्यांत, कचेऱ्या-शाळांच्या सुट्टीच्या सोयीने भरते. मराठवाड्यात मात्र वैशाखात पाण्याचे दुर्भिक्ष, लग्नसराई आणि दुपारी घराबाहेर पाऊल घालू न देणारे ऊन. तेव्हा येथील व्याख्यानाचा ऋतू भाद्रपदापासून मार्गशीर्षापर्यंत ठरला, तो काही पुण्याचे अनुकरण करून ठरला नाही. तो येथल्या पावसाने, येथल्या शेताने आणि येथल्या सरकारने मिळून ठरवला.

वर्तमानपत्रांची कथाही अशीच. १९२० साली लक्ष्मणराव फाटकांनी हैदराबादेत ‘निजाम विजय’ साप्ताहिक सुरू केले आणि संस्थानातील मराठी वाचकाला स्वतःचे म्हणता येईल असे पत्र मिळाले. बाहेरच्या पत्रांवर वेळोवेळी बंदी येई. १९३८ साली आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढले ते संस्थानाच्या हद्दीबाहेरून; निजाम सरकारने त्यास प्रवेशबंदी केली की ते नाव बदलून येई, त्या नावावर बंदी आली की आणखी तिसरे घेई. वाचनालयाच्या टेबलावर मग तेच पत्र वेगवेगळ्या शीर्षकांनी पडलेले असे. मुक्तद्वार वाचनालय, म्हणजे वर्गणी न देता कोणीही येऊन वर्तमानपत्र वाचावे अशी खोली, हा प्रकार अशा काळात किती धैर्याचा होता याची कल्पना आज येणे कठीण आहे. दार उघडे ठेवायचे म्हणजे खुफियालाही ते उघडेच.

या खोल्यांतूनच राजकारण जन्मले. तेलंगणात ग्रंथालयांच्या चळवळीतून आंध्र महासभा उभी राहिली आणि १९३० साली जोगीपेठेस तिचे पहिले अधिवेशन भरले, हे पुष्कळांना ठाऊक असते. मराठवाड्यातील समांतर घटना तितकी सांगितली जात नाही. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले ते परतूरास. जालना आणि परभणी यांच्या दरम्यानचे हे रेल्वेचे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते, आज जालना जिल्ह्यात आहे. परतूरसारख्या पेठेच्या गावाने सबंध मराठवाड्याची परिषद आपल्या दारी बोलवावी, यामागे वर्गणी गोळा करण्याचा, पाहुण्यांची घरोघर सोय लावण्याचा, ठराव लिहिण्याचा आणि सभेचे इतिवृत्त ठेवण्याचा सराव असावा लागतो. अशा गावांना तो सराव उत्सवांनी, कीर्तनसप्ताहांनी आणि वाचनाच्या मंडळ्यांनी दिलेला होता. पुढच्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली, विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ झाली, आणि वाचनालयांतून जमणारी तरुण मंडळी स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन तुरुंगात गेली.

या गौरवशाली हकिकतीची दुसरी बाजू लिहिल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवळाच्या ढाळजेत किंवा उत्सवाच्या मांडवात जी संस्था वाढली, तिला देवळाचे आणि मांडवाचे निर्बंधही चिकटले. ज्यांना देवळाच्या पायरीवर बंदी, त्यांना त्या देवळाच्या खोलीतील वर्तमानपत्रही दूरच राहिले. स्त्रिया सभासद म्हणून नोंदल्या गेल्या तरी पुस्तक घ्यायला घरातील मुलगा जाई. १९५१ च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यात साक्षरांचे प्रमाण शेकडा दहापेक्षाही कमी होते, तेव्हा ‘सार्वजनिक’ या विशेषणाचा व्याप केवढा होता हे सहज ध्यानात येईल. या भिंती पडू लागल्या त्या १७ सप्टेंबर १९४८ च्या मुक्तीनंतर, आणि विशेषतः १९५० साली बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेस सुरू केलेल्या महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या पिढीमुळे. १९८४ साली जालन्यास अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी ‘तराळ-अंतराळ’चे लेखक शंकरराव खरात होते. गावकुसाबाहेरच्या तराळाच्या घरात जन्मलेला, पुढे मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झालेला लेखक जालन्याच्या व्यासपीठावरून सबंध मराठी सारस्वताला उद्देशून बोलतो, ही घटना या शहराच्या वाचनाच्या इतिहासात मी सर्वांत वर ठेवीन.

त्याच पिढीने वाचनाच्या पंचांगात एक संपूर्ण ऋतू नवीन घातला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासाच्या तीन महिन्यांत, गावोगावच्या बुद्धविहारांत बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमाने वाचन होते. जालना, अंबड, भोकरदन, मंठा या तालुक्यांत पावसाळ्याच्या संध्याकाळी विहाराकडे निघालेल्या पांढऱ्या साड्यांतील बायका पाहिल्या, की वाचन हे शब्दशः सार्वजनिक कसे असते ते कळते. वाचणारी बहुधा शाळा-महाविद्यालयातली मुलगी असते. तिच्याभोवती बसलेल्या आया-आज्यांतील कोणी मध्येच थांबवून एखादा शब्द विचारते. तिला तो सांगता आला नाही तर बाजूचा शिक्षक सांगतो, आणि मग ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली जाते. ज्या श्रावणाने ढाळजेतली पोथी घडवली त्याच पावसाने हे वाचनही घडवले. पण येथे आडोसा नाही, आणि ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाती आहे. अनेक गावांत या विहारालगतच लहानसे नोंदणीकृत वाचनालय असते आणि १४ एप्रिलच्या जयंतीस त्याचा वार्षिक कार्यक्रम होतो.

आता कायद्याचा इतिहास थोडक्यात. हैदराबाद राज्याने १९५५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. वर्षभरात, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा मुंबई राज्यात आला. आणि महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्याने तो जुना कायदा रद्द करून सर्व राज्यासाठी एकच व्यवस्था लावली. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी उपकराची तरतूद होती, तशी महाराष्ट्राने केली नाही. येथे लोकांनी संस्था काढावी आणि सरकारने अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे परिरक्षण अनुदान द्यावे, असा मार्ग स्वीकारला. या पद्धतीने महाराष्ट्रात अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी राहिली, हे तिचे यश. पण २०१२ साली महसूल खात्याकडून सर्व ग्रंथालयांची पडताळणी झाली, नव्या मान्यता आणि दर्जावाढ थांबली, आणि ‘ड’ वर्गातील खेड्यातल्या ग्रंथालयाने वर्षाला तीस हजार रुपयांत जागा, वीज, वर्तमानपत्रे, पुस्तके आणि ग्रंथपालाचे मानधन हे सारे बसवावे, अशी स्थिती दहा वर्षे राहिली. मागाहून अनुदानात साठ टक्के वाढ झाली. महिन्याचा हिशेब केला तर त्या वाढीनंतरही ग्रंथपालाच्या हाती जे पडते ते शेतमजुराच्या रोजंदारीच्या जवळपासही जात नाही, आणि तरीही संध्याकाळी कुलूप उघडणारी माणसे जिल्ह्यात आहेत, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे.

तालुक्याच्या वाचनालयात वर्षाचा खरा प्रारंभ दिवाळीत होतो. ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली काढला आणि त्या परंपरेने मराठी वाचनालयांना आर्थिक दृष्ट्या जगवले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतली जाते. अंकांचे गठ्ठे आले की त्यांना खाकी कागदाचे वेष्टण चढते, पाठीवर दाखल क्रमांक पडतो, मुखपृष्ठामागे आणि आतल्या एका ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का उमटतो, आणि मग पुढे संक्रांत-शिमग्यापर्यंत एकेक अंक दहा-पंधरा घरी फिरून येतो. परत आलेल्या अंकाची पाने चाळून पाककृतीचे पान किंवा राशिभविष्य कोणी फाडून तर घेतले नाही ना, हे पाहणे ग्रंथपालाच्या कामाचा भाग असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवात प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पुस्तकाचे वाण लुटण्याची प्रथा गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी रुजली. घरातील मुलाला पाठवून पुस्तक मागवणाऱ्या त्या जुन्या सभासद स्त्रियांच्या नाती आता स्वतः पुस्तके निवडून एकमेकींच्या ओटीत घालतात. फेब्रुवारीत २७ तारखेस कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन होतो. मे महिन्यात शहरात शिकणारी मुले गावी परतली की बालविभागातील गोष्टींच्या पुस्तकांवर झुंबड उडते. आणि जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला, की मोठ्यांची हजेरी एकदम ओसरते.

चैत्र पाडव्याचा मान मात्र जालना शहराचा स्वतःचा आहे. ‘ऊर्मी’ या संस्थेने येथे ‘कवितेचा पाडवा’ सुरू केला, आणि त्या प्रसंगी राय हरिश्चंद्र साहनी ऊर्फ ‘दुःखी’ यांच्या नावाचा काव्यपुरस्कार मराठी कवीला दिला जातो. ‘दुःखी’ हे उर्दूचे शायर. उर्दू शायराच्या स्मरणार्थ मराठी कवीचा गौरव, तोही हिंदू नववर्षाच्या दिवशी, आणि ऐकायला मारवाडी व्यापाऱ्यापासून महाविद्यालयीन तरुणापर्यंत सर्व थर: मुशायऱ्यांच्या काळापासून या शहराचा जो स्वभाव घडला तो अशा ठिकाणी अखंड राहिलेला दिसतो. धुळवडीला हत्ती रिसाल्याची मिरवणूक काढणारे, रंगात सर्व पेठा एक करणारे हे गाव. पंधरा दिवसांनी तेच गाव कवितेसाठी बसते.

अलीकडे परिपत्रकांनी नेमून दिलेले दिवसही पुष्कळ झाले आहेत: १२ ऑगस्टचा ग्रंथपाल दिन डॉ. रंगनाथन यांच्या जन्मदिनाचा, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनाचा, १४ नोव्हेंबरपासूनचा ग्रंथालय सप्ताह, जानेवारीतील मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी भरणारा ग्रंथोत्सव. यांतील प्रत्येकामागचा हेतू स्तुत्य आहे. परंतु ऑक्टोबरच्या मध्यास जालना जिल्ह्यातील खेड्यात जाऊन पाहावे: सोयाबीनची काढणी चालू असते, कापसाची पहिली वेचणी तोंडावर आलेली असते, आणि सबंध गाव रानात असते. अशा दिवशी वाचनालयाने कार्यक्रम केला तर शाळेतली मुले आणून बसवावी लागतात, प्रतिमेस हार घालून छायाचित्र काढावे लागते आणि अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात पाठवावा लागतो. तोच कार्यक्रम वर्षावासात विहारात, भाद्रपदात मंडळाच्या मांडवात, मार्गशीर्षात अंबडला दत्तजयंतीच्या संगीतोत्सवासाठी मंडळी जमतात त्या सुमारास, किंवा हुरड्याच्या दिवसांत शेतावरच ठेवला, तर माणसे आपल्या पायांनी येतील. तारखेची सक्ती काढून वर्षातून अमुक इतके कार्यक्रम गावाच्या सोयीने करावेत, एवढी मुभा नियमात मिळाली तरी पुष्कळ काम होईल. आणि त्यासाठी राज्याच्या तिजोरीवर एक पैचाही बोजा पडणार नाही.

आणखी एक काम तातडीचे आहे. जुन्या वाचनालयांची दाखल नोंदवही, वर्गणीच्या पावत्यांची पुस्तके, कार्यकारी मंडळाची इतिवृत्ते, सभांच्या परवानगीसाठी केलेल्या उर्दू अर्जांच्या नकला आणि त्यांवरील इजाजतीचे शेरे, व्याख्यानांची हस्तपत्रके, बंदी आलेल्या साप्ताहिकांचे अंक असा सारा दस्तऐवज अजून कोठे कपाटाच्या तळाशी, कोठे दिवंगत कार्यवाहांच्या घरी पेटीत पडून आहे, आणि वाळवीला तो उर्दूतला आहे की मराठीतला याची पर्वा नसते. उर्दू लिपी वाचून ते अर्ज लावू शकणारी मराठी माणसे आता फार वृद्ध झाली आहेत. पण जालन्यात उर्दू शाळांचे शिक्षक आहेत, मराठीचे प्राध्यापक आहेत, दोन्ही भाषा घरात बोलणारी विद्यार्थी मंडळी आहेत. त्यांनी एकत्र बसून एका उन्हाळ्याच्या सुट्टीत या कागदांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत, आणि मूळ कागद छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील पुराभिलेखागाराकडे सुपूर्द करावेत. यादीची एक प्रत मात्र ज्या त्या गावच्या वाचनालयात, वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी, कोणालाही मागता येईल अशा रीतीने ठेवावी.